भात सोडला, मांस वाढवले: पुरावा नेमका कशाचा आहे?

तुम्ही कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. तुमच्या यजमानांचे वय ५४ असून त्यांना सात वर्षांपासून मधुमेह आहे. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी भात, पाव, डाळी, कडधान्ये आणि फळे सगळे बंद केले. तेव्हापासून त्यांचे जेवण म्हणजे अंडी, मटण, डुकराचे मांस, लोणी आणि आठवड्यातून तीन-चार वेळा चोरीस (गोव्यातले डुकराच्या मांसाचे सॉसेज). वजन ८८ किलोवरून ७९ वर आले, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.६ वरून ६.५ वर उतरले, ट्रायग्लिसराइड २४० वरून १३० झाले; एलडीएल कोलेस्टेरॉल मात्र ११८ वरून १९७ वर गेले. यजमानांचे म्हणणे असे की कोलेस्टेरॉलची भीती खोटी ठरली आहे आणि विज्ञान आता मांसाहाराच्या बाजूने आहे. चिरंजीव म्हणतात की मांसाने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे. घरात रोज यावरून वाद होतो आणि खरे कोणाचे, हे तुम्हाला हवे आहे.

वादात शिरण्यापूर्वी एक गोष्ट आजच करायची आहे. तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या यादीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांच्याबरोबर डापाग्लिफ्लोझिनही आहे. हे औषध लघवीवाटे साखर बाहेर टाकते. ते चालू असताना माणसाने कर्बोदके जवळजवळ पूर्ण सोडली, तर रक्तात कीटोन आम्ले धोकादायक प्रमाणात साठू शकतात, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर दोनशेच्या आतही दिसू शकते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही आणि कधी कधी डॉक्टरांच्याही लक्षात यायला उशीर होतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप किंवा विलक्षण थकवा जाणवला तर थेट आपत्कालीन विभागात न्यावे, डापाग्लिफ्लोझिन चालू असल्याचे सांगावे आणि रक्तातील कीटोन तपासण्याचा आग्रह धरावा. ग्लिमेपिराइडचा धोका उलट्या दिशेचा आहे: खाण्यातली कर्बोदके कमी झाली आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली येते. आहारात एवढा मोठा बदल झाला आहे हे औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसेल तर आजच फोन करून सांगा. बाकीची चर्चा त्यानंतर करता येईल.

आता मूळ प्रश्न. फोंड्यात मधुमेहाचे रुग्ण तपासताना हाच वाद मी वेगवेगळ्या घरांतून ऐकत आलो आहे, आणि तो मिटत नाही याचे मुख्य कारण मला असे दिसते की दोन्ही बाजू तीन वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात गुंफतात. कर्बोदके कमी केल्याने काय होते, हा पहिला. त्यांच्या जागी काय खाल्ले, हा दुसरा. आणि केवळ मांसावर राहण्याने वर्षानुवर्षांत काय होते, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला बऱ्यापैकी चांगला पुरावा आहे, दुसऱ्याला पुरेसा आहे, तिसऱ्याला जवळजवळ नाही. तुमचे यजमान पहिल्याचा पुरावा तिसऱ्यासाठी वापरत आहेत.

पहिल्या प्रश्नावर त्यांच्या बाजूने बरेच काही आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मधुमेह असलेल्या माणसाने कर्बोदके कमी केली की जेवणानंतर चढणारी साखर कमी होते. यात वाद नाही. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ चाचण्यांचे, मिळून १,३५७ लोकांचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या शेवटी एचबीएवनसी ६.५ च्या खाली आलेल्यांचे प्रमाण कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ३१ टक्के. मात्र त्याच विश्लेषणात बारा महिन्यांनंतर हा फरक बराच ओसरलेला दिसतो, आणि औषधांशिवाय आटोक्यात येणे हीच कसोटी लावली तर तो आणखी लहान होतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात २६२ मधुमेहींना सतत देखरेखीखाली कीटोजेनिक, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि स्निग्ध पदार्थ जास्त असलेला, आहार दिला गेला. वर्षभरात त्यांचे सरासरी एचबीएवनसी ७.६ वरून ६.३ वर आले आणि अनेकांचे इन्सुलिन बंद किंवा कमी झाले. परिणाम खरोखर चांगला आहे, पण त्यात लोकांनी आहार स्वतः निवडला होता. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. ज्याला बदल करायचाच आहे अशा माणसाचे निकाल सरसकट सर्वांना लागू करता येत नाहीत.

वजनाच्या बाबतीत मात्र कमी कर्बोदकांचा बडेजाव टिकत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने कर्बोदके कमी केली, आणि दोघांनाही साखर, मैदा व पाकीटबंद खाणे टाळून भरपूर भाज्या खायला सांगितले. २०१८ साली निकाल आला तेव्हा वर्षभरात पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो उतरले होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. दोन्ही गटांत काहींचे वजन भरपूर उतरले आणि काहींचे उलट वाढले. पहिल्या पंधरवड्यात कीटोवाल्यांचा काटा झरझर खाली येतो तो बराचसा पाण्यामुळे, कारण यकृत व स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि साठा संपला की ते निघून जाते.

कर्बोदकांनी इन्सुलिन वाढते, इन्सुलिनने चरबी साठते आणि म्हणून भूक लागते, हा सिद्धांत तुमच्या यजमानांनी बहुधा अनेकदा ऐकला असेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० लोकांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवून त्याची परीक्षा घेतली. दोन आठवडे ७५ टक्के कर्बोदकांचा शाकाहारी आहार, दोन आठवडे ७६ टक्के स्निग्धांचा मांसाहारी कीटो आहार, आणि मनाला येईल तेवढे खाण्याची मुभा. शाकाहारी आहारावर साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढले, तरीही लोकांनी रोज सरासरी सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या. विरोधकांचा आक्षेप असा की दोन आठवडे शरीराला रुळायला पुरत नाहीत, आणि दुसऱ्या आठवड्यात कीटो आहारावरचे खाणे कमी होऊ लागलेही होते. तो आक्षेप रास्त आहे. पण इन्सुलिन वाढले की भूक वाढलीच पाहिजे, हे सोपे समीकरण या प्रयोगानंतर जसेच्या तसे उभे राहत नाही.

माझ्या मते या साऱ्या वादात सर्वांत बोलका प्रयोग ब्रिटनमधला आहे, आणि त्याची आठवण कमी कर्बोदकांच्या चर्चेत क्वचितच निघते. मायकेल लीन आणि रॉय टेलर यांनी ३०६ मधुमेहींवर केलेल्या चाचणीत एका गटाला तीन ते पाच महिने रोज साडेआठशे कॅलरींच्या आतबाहेर सूप आणि शेक दिले. वर्षाच्या शेवटी या गटातील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. आणि त्या सूप-शेकमधील जवळजवळ ६० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत होती. म्हणजे यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की मधुमेह मागे हटतो, ती कोणत्या वाटेने उतरली याला दुय्यम महत्त्व आहे. तुमच्या यजमानांचे नऊ किलो वजन उतरले, हे त्यांच्या सुधारलेल्या एचबीएवनसीचे फार मोठे कारण आहे, आणि त्याचे श्रेय त्यांच्या निग्रहाला आहे. मटणाला ते द्यायचे कारण नाही.

चिरंजीवांना मात्र एक गोष्ट ऐकून घ्यावी लागेल: आपण गोव्यात खातो तेवढा भात मधुमेहाला झेपणारा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक. त्याच पाहणीच्या २०२५ मधील आहारविषयक विश्लेषणानुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येते, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा भात, दळलेले धान्य व साखर यांचा असतो. कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच ठेवून नुसता भाताऐवजी गहू किंवा नाचणी घेतल्याने धोका कमी झालेला त्यात दिसला नाही. काही कर्बोदकांच्या जागी वनस्पतिजन्य किंवा दुधातील प्रथिने घेणाऱ्यांत तो कमी दिसला, लाल मांसाच्या प्रथिनांबाबत तसा लाभ दिसला नाही. ही एका वेळची पाहणी असल्यामुळे तिच्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवून मी ते सांगतो आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकदा तरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर स्वतःच्या ताटातला भात मोजायला सांगतो. ‘दोनच डाव घेतो’ म्हणणाऱ्यांच्या ताटात तो तीनशे ग्रॅमच्या आसपास निघणे नेहमीचे आहे. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे दुपारच्या एका हुमण-भातात (मासळीची आमटी आणि भात) ८० ग्रॅमहून अधिक. त्यात सकाळचे दोन पाव किंवा पेज, संध्याकाळचा चहा-बिस्किटे आणि रात्रीचा पुन्हा भात धरला की अडीचशेचा आकडा सहज ओलांडला जातो. त्या ताटात बांगड्याचा एकच तुकडा आणि भाजीचा चमचाभर घास असतो. हे ताट बदलल्याने माणसाला बरे वाटले तर आश्चर्य नाही. परंतु या बदलासाठी डाळ, कडधान्ये आणि फळे सोडावी लागतात, असे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही.

नुसत्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मांसाहाराच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या आकड्यांनाही लागू आहे. १८ देशांतील १,३५,३३५ लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात, २०१७ मध्ये, सर्वाधिक कर्बोदके खाणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आणि तो निकाल मांसाहाराचे समर्थक सतत पुढे करतात. त्या सर्वाधिक गटाची ऊर्जा सुमारे ७७ टक्के कर्बोदकांतून येत होती. जगात एवढी कर्बोदके खाणारा माणूस बहुतेक वेळा गरीब असतो. त्याला अंडी, मासळी, दूध परवडत नाही आणि वेळेवर दवाखानाही मिळत नाही. गणिताने हे परिणाम काही प्रमाणात वेगळे काढता येतात, पूर्णपणे नाही.

आता मांस आणि कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या, म्हणजे ‘निश्चित कर्करोगकारक’, गटात आणि लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातले. पहिल्या गटात तंबाखूही आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ मुलाने काढला असेल तर तो चुकीचा आहे; हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. आकार असा: रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. पाश्चात्त्य देशांत आयुष्यभरात शंभरांपैकी पाच-सहा जणांना हा आजार होतो, तिथे त्यात सुमारे एकाची भर पडते. भारतात मूळ प्रमाणच बरेच कमी आहे. न खारवलेल्या, ताज्या मांसाबद्दलचा पुरावा आणखी पातळ आहे. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने हाच पुरावा तपासून तो कमी खात्रीचा ठरवला आणि लोकांनी मांस खाणे आहे तसे चालू ठेवायला हरकत नाही, अशी शिफारस केली, तीही दुबळी असल्याचे स्वतःच नमूद करून. त्यावर मोठे वादळ उठले. मला त्यांचे पुराव्याचे मोजमाप बरेचसे पटते, शिफारस तेवढी पटत नाही.

चोरीस मात्र प्रक्रिया केलेल्या मांसातच मोडते. घरी केलेली असो की मडगावच्या बाजारातली, मीठ, व्हिनेगर आणि मसाल्यात मुरवून, वाळवून किंवा धुरावर टिकवलेले डुकराचे मांसच ते. सणावारी, पाहुण्यांसाठी ती जरूर खावी. आठवड्यातून चार वेळा ती खाण्याचे समर्थन मला कुठल्याही पुराव्यातून करता येत नाही. शिवाय त्यातले मीठ मधुमेही माणसाच्या रक्तदाबाला आणि मूत्रपिंडाला त्रासाचे आहे.

केवळ मांसावर राहण्याचा पुरावा किती, हे पाहिले की मन थबकते. ध्रुवप्रदेशात फिरलेले विल्हयाल्मर स्टेफानसन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली वर्षभर फक्त मांस खाल्ले. त्यांना स्कर्व्ही झाला नाही, ते हिंडतेफिरते राहिले, आणि हा प्रयोग आजही दाखल्यासारखा सांगितला जातो. दोन माणसे, एक वर्ष, आणि खर्चात मांस-उद्योगाच्या संघटनेचा हात. (साखर-उद्योगानेही तेच केले आहे, १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन साखरेवरचा ठपका स्निग्ध पदार्थांकडे वळवल्याचे २०१६ मध्ये उघडकीस आले. कोणाचा पैसा, हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारायचा असतो.) त्यानंतरचा मोठा म्हणावा असा अभ्यास २०२१ चा: समाजमाध्यमांवरून भेटलेल्या, केवळ मांसाहार करणाऱ्या २,०२९ जणांनी भरून दिलेली प्रश्नावली. बहुतेकांनी आपण समाधानी असल्याचे लिहिले. पण ज्यांना हा आहार सोसला नाही ते आधीच तो सोडून गेलेले असतात, ते अशा प्रश्नावलीत सापडतच नाहीत. ज्यांनी आपले अहवाल दिले त्यांच्या एलडीएलचे मध्यमूल्य १७२ होते. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांचा दाखला देणाऱ्यांनी हेही पाहावे की त्यांच्यात एक जनुकीय बदल फार मोठ्या प्रमाणात आढळतो, ज्यामुळे त्यांच्या शरीरात कीटोन कमी तयार होतात.

आणि आता तुमच्या अहवालातला तो १९७ चा आकडा. आहारशास्त्रातला बराच पुरावा डळमळीत आहे हे मी वर अनेकदा मान्य केले. एलडीएलचा पुरावा त्या जातीचा नाही. तो प्रश्नावल्यांवर अवलंबून नाही. ज्यांच्या पेशींवर एलडीएल उचलणारे ग्राही (रिसेप्टर) जन्मतः कमी असतात त्यांना तरुणपणीच हृदयविकार होतो. त्या ग्राहींच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. याच्या उलट, २००६ मध्ये कोहेन आणि हॉब्स यांनी दाखवले की पीसीएसके९ या जनुकात विशिष्ट बदल घेऊन जन्मलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल आयुष्यभर २८ टक्क्यांनी कमी राहिले आणि त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी होता. हे बदल जन्मावेळीच ठरतात; गरिबी, व्यायाम, सवयी यांचा गोंधळ त्यांत शिरत नाही. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या चाचण्यांतही एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदय-मेंदूचे मोठे झटके सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतात. जनुके, औषधे आणि रोहिणीतले प्रत्यक्ष थर, तिन्ही एकच सांगतात.

‘माझे कण मोठे आहेत, ते घातक नाहीत’ आणि ‘ट्रायग्लिसराइड सुधारले म्हणजे भागले’ ही दोन उत्तरे यजमान देतील. ट्रायग्लिसराइड सुधारले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मोठे एलडीएल कणही रोहिणीच्या भिंतीत शिरतात, आणि धोका मुख्यतः कणांच्या संख्येवर ठरतो. शंका असेल तर अशा कणांची संख्या दाखवणारी अपोबी ही तपासणी करून घ्यावी. ती गोव्यात होते आणि या प्रश्नाचे नेमके उत्तर देते. मधुमेह असलेल्या ५४ वर्षांच्या भारतीय पुरुषाने १९७ चे एलडीएल घेऊन वर्षे काढावीत, याला मी कधीही संमती देणार नाही.

दिलाशाची गोष्ट ही की साखरेवर मिळवलेला विजय न गमावता हा आकडा खाली आणता येतो, कारण तो वाढला आहे भात सोडल्यामुळे नव्हे तर त्याजागी आलेल्या लोणी आणि चरबीमुळे. इथे आपले स्वयंपाकघर मदतीला येते. बांगडा, तारले, मुडदुशे, तिसऱ्या हे सगळे आलटून पालटून रोजच्या जेवणात आणावे. शंभर ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि तारल्या-बांगड्याचे स्निग्ध लोण्याच्या जातीचे नसते. सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात मूग, चवळी, वाल, ताक, पनीर घ्यावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडीही चालतील. तांबडी भाजी, दोडके, भेंडी, कोबी यांनी अर्धे ताट भरावे. २०१९ मधील एका मोठ्या आढाव्यानुसार रोज २५ ते २९ ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार स्पष्टपणे कमी आढळले. तुमच्या यजमानांच्या सध्याच्या ताटात ते जवळजवळ शून्य आहेत. दुपारी शंभर ग्रॅम मोजून भात घ्यावा, रात्री एक लहान भाकरी, आणि एक फळ. इतके मिळूनही दिवसाची कर्बोदके १३० ग्रॅमच्या आत राहतात, आणि वैद्यकीय व्याख्येप्रमाणे हाही कमी कर्बोदकांचाच आहार असतो.

खोबरेल तेलाबद्दल थोडे बोलावे लागेल, कारण लोणी सोडायला सांगितले की आपल्याकडे लोक त्याकडे वळतात. १६ चाचण्यांच्या विश्लेषणात खोबरेल तेलाने इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने वाढलेले आढळले. हुमणातले ओले खोबरे माफक ठेवावे आणि तळण-फोडणीला शेंगदाणा किंवा तत्सम तेल वापरावे.

असे आठ आठवडे खाऊन झाल्यावर एलडीएल, अपोबी, एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन पुन्हा तपासावे. वजन आणि साखर टिकून एलडीएल शंभराच्या खाली आले तर उत्तम. न आल्यास स्टॅटिन सुरू करण्याविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. सात वर्षांचा मधुमेह पाहता डॉक्टर आहार कसाही असला तरी स्टॅटिन सुचवतील, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. आठ आठवडे उलटेपर्यंत रोज उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून, त्या दिवशी काय खाल्ले ते शेजारी लिहून ठेवावे. ती वही घेऊनच दोघांनी डॉक्टरांकडे जावे, म्हणजे ग्लिमेपिराइड किती कमी करायचे ते त्यांना वहीतल्या आकड्यांवरून ठरवता येईल.